चुलीच्या मापाची लाकडं

११ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी दालमिलच्या मालकांनी निवृत्तीच्या दिवशी शालीसोबत दिली. गेल्या वर्षीची आहे, त्यामुळे वार जुळत नाहीत. छापलेला वार खोडून खरा लिहितो. लातुरात बत्तीस वर्षं फिटर म्हणून मशिनींच्या नोंदी ठेवल्या. गावी येऊन सात महिने झाले, पण नोंद करावी असं काही घडलं नव्हतं. आज घडलं.

शेतात माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या समाधीशेजारची बाभूळ पोळ्यानंतरच्या वाऱ्यात पडली, ती अजून तशीच आडवी आहे. आज कुऱ्हाड घेऊन गेलो. वीसेक घाव घातले असतील, तेवढ्यात उजवा खांदा असा धरला की घरी येताना कुऱ्हाड डाव्या हातात होती. शांतम्माने गरम मिठाच्या पुरचुंडीने शेकलं आणि शेकता शेकता ऐकवलं, "साठीला आलात. घरात गॅस हाय की. कामून पायजेत लाकडं?"

गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. गॅसवरची भाकरी ती स्वतः खात नाही. हे तिला बोलून दाखवलं नाही, कारण शेक अजून चालू होता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

लाकूड तोडायला गावात माणूस मिळत नाही. जो होता तो हैदराबादला वॉचमन झाला. चेनसॉ घ्यायचं ठरवलं.

मंजुश्रीने पुण्याहून फोनवर एक व्हिडिओ पाठवला. बॅटरीवरची, एका हातात धरायची मशीन. "पप्पा, ही घ्या, हलकी आहे." पेरूच्या फांद्या छाटायला ती बरी आहे, बाभळीला नाही. विजेवरची स्वस्त पडते, पण आमच्याकडच्या व्होल्टेजवर पंखासुद्धा फिरू की नको असा विचार करत असतो, आणि शेतात तारच नाही. नावाजलेल्या कंपनीची पेट्रोलची मशीन जुन्या स्कूटीच्या किमतीला आहे. राहिली बिननावाची पेट्रोलची, अठ्ठावन्न सीसी. तिची किंमत परवडते.

मिलमधला माझा अनुभव असा की स्वस्त मशीन वाईट नसते, अर्धवट असते. उरलेली अर्धी आपण करायची.

शेजारच्या साखराबाई मावशीने भिंतीवरून विचारलं, "मिरत्या, काय आणून राहिलास रे?" तिची ऐंशी पार झाली. मृत्युंजय हे नाव तिच्या तोंडात कधी बसलंच नाही. माझ्या आईच्या बाळंतपणाला हीच होती, त्यामुळे तिने मला काहीही म्हणावं. मशीन लाकूड कापते हे सांगितल्यावर म्हणाली, "आन् माणसं काय करतेत मग?"

मी पुन्हा किमतींचा हिशेब करायला बसलो.

१८ नोव्हेंबर, सोमवार

एसटीने लातूरला गेलो. गंजगोलाईमागे चार दुकानं हिंडलो. तिघांनी मला खोकं दाखवलं, चौथ्याने मशीन दाखवली. ती घेतली. चेन ज्यावर फिरते तो बार बावीस इंची लावलेला होता. हे इंजिन एवढा लांब बार ओढत नाही, ओढलाच तर टोक जमिनीत घुसतं. अठरा इंची बार आणि त्याला जुळणारी चेन वेगळी घेतली, एक गोल कानस घेतली. दुकानदार म्हणाला, "काका, लोक मोठा मागतात, तुम्ही छोटा मागून राहिलात." मी म्हणालो, लोकांना दाखवायचं असतं, मला कापायचं आहे.

येताना मशीन मांडीवर होती. कंडक्टरने तिचं तिकीट मागितलं नाही, एवढंच.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

प्रामाणिकपणे लिहायची डायरी आहे म्हणून लिहितो. मशीन चालू झाली, आवाज घुमला, अर्धी गल्ली जमा झाली, आणि शेतातून आणलेल्या बाभळीच्या फांदीतून नुसता धूर निघाला. लाकूड कापलं जाईना, भाजलं गेलं. दहा मिनिटं दुकानदाराला शिव्या दिल्या. मग चष्मा लावून पाहिलं. चेन मीच उलटी बसवली होती. दात मागे, पाठ पुढे.

बत्तीस वर्षांचा फिटर! गल्लीत कुणाला कळलं नाही. शांतम्माला कळलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

चेन कोरडी पळते आणि तापते. बार काढून पाहिला. इंजिनातून तेल यायचं भोक आणि बारचं भोक एकमेकांसमोर येतच नाहीत, अर्धं झाकलं जातं. अहमदपूरला जाऊन ओळखीच्या वर्कशॉपमध्ये ते भोक दोन मिलीमीटर मोठं करून आणलं. पांढऱ्या कागदासमोर चेन फिरवली तर कागदावर तेलाची बारीक रेघ उठली. फार बरं वाटलं. कार्बोरेटरचे स्क्रूही पाव-पाव फेरा फिरवून बसवले. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल लिटरला चाळीस मिली. आता एका ओढीत चालू होते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्या चुलीला पंधरा इंचाचं लाकूड लागतं. त्याहून लांब असलं की बाहेर राहतं आणि शांतम्माच्या पायाला चटके बसतात. तेव्हा बारच्या नटाखाली एक लोखंडी सळई आडवी बसवली, बरोबर पंधरा इंचाची. सळईचं टोक लाकडाच्या कडेला लावायचं आणि कापायचं. डोकं लावावं लागत नाही. लाकूड ठेवायला जुन्या खाटेच्या चौकटीच्या दांड्यांची घोडी केली, म्हणजे दुसऱ्या माणसाने धरायलाही नको.

आज फांद्यांची साठ लाकडं केली. साठही सारखी. शांतम्मा रास बघून म्हणाली, "बिस्किटांवानी दिसून राहिलीत." तिच्याकडून हे कौतुकच.

भिंतीवरून मावशीही बघत होती. तिच्या छपरात सात लांब ओंडके आहेत. बाभळीचे पाच, आंब्याचे दोन. दगडांवर रचून वर ताडपत्री. दरवर्षी पावसाळा संपला की दोन गड्यांना चहा पाजून ते खालचे वर करून घेते, म्हणजे वाळवी लागू नये. एवढं खडखडीत वाळलेलं लाकूड घरात, आणि म्हातारी चूल पेटवते कापसाच्या पऱ्हाट्या मोडून. मी म्हणालो, "मावशी, तुझी कापून देऊ का? तासाभराचं काम आहे."

"नगं. राहू दे. ते माज्या कामाचं हाय."

संकोच, दुसरं काय. मुलगा नरसिंग नांदेडला, इथे कोण कापून देणार? म्हाताऱ्या माणसांना कुणाचे उपकार नको असतात.

२ डिसेंबर, सोमवार

मावशीला नरसिंग नांदेडला घेऊन गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. किल्ली आमच्याकडे. शेळीला पाला टाकायचं काम शांतम्माकडे.

५ डिसेंबर, गुरुवार

आज मावशीचं काम उरकलं.

शांतम्मा म्हणाली, "इचारलं का तिला?"

"विचारलं की लाजते ती. आल्यावर बघून खूश होईल."

"तरी इचारायचं."

बायकांचं असंच असतं. ताडपत्री काढली, ओंडके एकेक करून घोडीवर घेतले. वाळलेली बाभूळ म्हणजे लोखंड, दोनदा चेन घासावी लागली. पण मशीनने दम टाकला नाही. जाड तुकडे उभे चिरून सात ओंडक्यांची एकशे बारा लाकडं झाली. छपरातच भिंतीला लावून रचली. पुढची सगळी तोंडं एका रेषेत. मोबाइलवर फोटो काढून मंजुश्रीला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

गावी आल्यापासून इतका कामाचा दिवस पहिलाच.

१२ डिसेंबर, गुरुवार

मावशी आली. डोळ्याला काळा चष्मा. मी छपराशी नेलं आणि बाजूला उभा राहिलो. ती बराच वेळ बघत होती. डोळ्याला नीट दिसत नसेल असं वाटून मी म्हणालो, "एकशे बारा आहेत मावशी. सगळी पंधरा इंच."

तिने एक लाकूड हातात घेतलं, त्याचं कापलेलं तोंड अंगठ्याने चाचपलं आणि परत जागेवर ठेवलं. "लई बारीक केलंस रे," एवढंच म्हणाली. नरसिंग काही बोलायला लागला तर तिने त्याचा हात धरला. "दमला आसंल पोरगा. चा टाक त्याला."

चहा पिऊन आलो. नरसिंग मशीनबद्दल एक अक्षर बोलला नाही. शिकलेल्या पोरांना हाताच्या कामाचं कौतुक नसतं.

१६ डिसेंबर, सोमवार

मावशी अजून पऱ्हाट्याच जाळते. रास होती तशी आहे. एकशे बारा, मोजली. सणासुदीला राखून ठेवत असेल.

१८ डिसेंबर, बुधवार

आज शांतम्माने तिथली दोन लाकडं मावशीच्या चुलीशी नेऊन ठेवली, तर मावशीने ती उचलून परत राशीवर ठेवली. म्हणाली, "ती चुलीत घालत न्हाईत माय." शांतम्मा घरी आल्यापासून माझ्याकडे अशी बघते की मी पुन्हा चेन उलटी बसवली की काय.

२० डिसेंबर, शुक्रवार

नरसिंगचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काका, आईनं सांगू नको म्हणून शपथ घातलीय. पण मला राहवत न्हाई. ती लाकडं आईनं स्वतःसाठी ठेवली व्हती."

मी विचारलं, स्वतःसाठी म्हणजे?

"मयतीसाठी, काका."

नंतर तो सांगत राहिला आणि मी ऐकत राहिलो. त्याचे वडील हणमंतराव भर पावसाळ्यात गेले. मी तेव्हा मिलमध्ये डबल ड्युटीवर होतो, तिसऱ्या दिवशी आलो. हाल झाले एवढंच कानावर होतं, काय हाल ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. गावात कुणाच्या घरी कोरडं लाकूड नव्हतं. जे मिळालं ते ओलं. पेटेना. शेवटी कुणीतरी ट्रॅक्टरचं जुनं टायर आणून घातलं. बाया घरीच होत्या, पण वारा गावाकडे होता. टायरच्या वासावरून मावशीला कळलं. पुढच्याच उन्हाळ्यात तिने बांधावरची बाभूळ पाडून घेतली, आंबा विकत घेतला. एकदा मयतीच्या नावाने ठेवलं की ते लाकूड भाकरीखाली जाळत नाहीत. अकरा वर्षं सांभाळलं तिने ते.

आमच्यात माणूस मातीत बसवतात. खड्डा, मीठ, विभूती, बेलाचं पान. आप्पांच्या वेळी काडीसुद्धा लागली नाही. लांब लाकूड बघून माझ्या मनात चूल सोडून दुसरं काही येणं शक्यच नव्हतं. हे खरं आहे, आणि याचा काही उपयोग नाही. "माझ्या कामाचं आहे" असं तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं.

शांतम्माला सांगितलं. ती म्हणाली, "अय्यो शिवा. मलाबी कळलं न्हाई वो." थोड्या वेळाने म्हणाली, "पर मी इचारा म्हणले व्हते."

म्हणाली होती.

२१ डिसेंबर, शनिवार

माफी मागायला दोनदा मावशीच्या दारापर्यंत गेलो. पहिल्या वेळी तिच्याकडे कुणी बसलं होतं. दुसऱ्या वेळी कुणी नव्हतं, तरी परत आलो. लाज वाटते. एकशे बारा लाकडं, आणि वर फोटो काढला!

२२ डिसेंबर, रविवार

जोडता येत नाही. मशीनचा कुठलाही भाग मोडला तर वेल्डिंग करता येतं, लाकडाला वेल्डिंग नाही. नवं वाळलेलं लाकूड विकत मिळतं का बघायला कंधारपर्यंत जाऊन आलो. वखारीत आहे ते सगळं चिरलेलं किंवा भट्टीच्या मापाचं.

आपली बाभूळ आहे. बारीक फांद्या गेल्या, बुंधा आणि मोठे फाटे शाबूत आहेत. शांतम्माला म्हणालो, ते मावशीला देतो. दोन वर्षांचं जळण जाईल. ती म्हणाली, "मग पाहुण्यांवानी गॅसवरची खाऊ."

२४ डिसेंबर, मंगळवार

बारच्या नटाखालची सळई काढून टाकली.

माप कुणाला तरी विचारणं भाग होतं. नरसिंगला फोन केला. तो म्हणाला, माणसाच्या उंचीहून हातभर जास्त. "आई बुटकी हाय काका." मी आयुष्यभर मापं लिहीत आलो, हे माप लिहिलं नाही. खडूने बुंध्यावर खूण केली.

संध्याकाळपर्यंत चार ओंडके निघाले. बुंध्याचं पोट जाड आहे, दोन्ही बाजूंनी कापावं लागतं. खांदा दुखतो आहे. शेकायला सांगितलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सात झाले. समाधीच्या ओट्याला टेकून ओळीने ठेवले आहेत, खाली दगड. चांगले झाले आहेत, पण मावशीने नको म्हटलं तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही. या वेळी न विचारता तिच्या अंगणात नेणार नाही. सोमवारी येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आहे. ती आमच्याच शेतात जेवायला येते दरवर्षी. तिथे विचारीन.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस. सगळं गाव शेतात, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. शांतम्माने पहाटे उठून भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील सगळं केलं. मावशीला मोटारसायकलवर नेता येईना म्हणून शेजारच्यांच्या बैलगाडीत घातलं. कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पूजा झाली, जेवणं झाली. शेवटी उठलो आणि म्हणालो, "मावशी, जरा इकडं ये."

तिला समाधीपाशी नेलं. आधी माफी मागायची असं ठरवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "हे सात आहेत. बघ, चालतील का."

ती एकेका ओंडक्याभोवती फिरली. वाकून बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. काळ्या चष्म्यामुळे चेहरा कळेना.

"नरश्या बोलला वाटतं."

"हाव."

"मेल्याला शपथ घातली व्हती."

"मावशी, चुकलं माझं. तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही."

"तुला कसं ठावं आसंल? तुमचं आप्पा हितं मातीत बसले. तुमाला काय लागतंय, मूठभर मीठ." तिने समाधीवरचं वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. "मला राग न्हाई आला रे. भ्या वाटलं. मी आज गेले तर पुना टायर आणतेत का काय, रातच्याला तेच डोस्क्यात."

साठीचा माणूस, सणाच्या दिवशी, शेतात उभा राहून रडलो. तिने मला रडू दिलं. मग परत ओंडक्याकडे वळून ठोकलं.

"पर हे वल्लं हाय, मिरत्या."

"वाळेल की."

"बाभळीला दोन उन्हाळे लागतेत."

"मग दोन उन्हाळे थांब."

बोललो आणि जीभ चावली. पुन्हा न विचारता दुसऱ्याच्या कामात हात घातला असं वाटलं. मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि मग अशी हसायला लागली की चष्मा घसरून नाकावर आला. कोपीकडे तोंड करून ओरडली, "शांते, ऐकलंस का गं! माजं समदं तयार व्हतं. तुज्या नवऱ्यानं मला दोन वर्सं अडकवून ठिवलं!"

शांतम्मा हातातली पळी घेऊन धावत आली. तिला वाटलं भांडण झालं.

परतताना मावशीने ओंडके घरी न्यायला सांगितले. आंब्याचे दोन मात्र कमी आहेत म्हणाली, आंब्याचं लवकर पेटतं. ते आणून देईन.

३ जानेवारी, शुक्रवार

काल ओंडके छपरात लावले. दगड तेच, ताडपत्री नवी. लावताना मावशी समोर बसून सांगत होती, हा वर, तो खाली. नरसिंगला फोनवरून दाखवले.

आज सकाळी उठलो तर तिच्या न्हाणीमागून धूर. नुसत्या पऱ्हाट्यांचा एवढा धूर होत नाही. भिंतीवरून बघितलं तर तीन दगडांवर हंडा, आणि खाली माझी पंधरा इंचाची लाकडं. मी म्हणालो, "मावशी, ती जाळत नाहीत म्हणाली होतीस ना?"

"भाकरीला न्हाई घालत. हे अंगुळीला हाय." फुंकणीने जाळ सारखा करत ती म्हणाली, "दोन वर्सं काढायची हायेत नव्हं? मग ऊन पाण्यानं काढते."